फुकटच्या सल्ल्याची किंमत

आमचे वडील कापसाचे शेतकरी होते. कळंबच्या पलीकडे चार कोसांवर आमचे खेडे. दिवाळी उलटली, की तिन्हीसांजेला कापसाच्या गाड्या यवतमाळच्या बाजाराकडे निघत आणि मध्यरात्री विसाव्यासाठी कळंबला थांबत. १९७२ साली राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि भाव सरकार ठरवू लागले. त्याच्या आधीची, आमच्या बालपणीची ही गोष्ट. कडुनिंबाखाली बैल सोडलेले असत, मध्ये शेकोटी पेटलेली असे, आणि शेकोटीभोवती भावाची चर्चा चाले. एका रात्री कोणी एक गृहस्थ मोठ्या अधिकाराने वडिलांना म्हणाला, "उद्या गाडी उलटवू नका बापू. दोन दिस थांबा. भाव चढून राह्यला." वडिलांनी चिलमीचा झुरका घेतला, इकडेतिकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "तुही गाडी कोनती?"

त्या गृहस्थाला गाडी नव्हती. कापूसही नव्हता. तो नुसता शेकायला आलेला होता.

शेकोटीभोवतीची माणसे हसली, आम्हीही हसलो, आणि ती गोष्ट विसरून गेलो. पुढे आम्ही शिकलो, मास्तर झालो, कळंबलाच स्थायिक झालो. चिंतामणीचे कळंब म्हणून विदर्भात ओळखल्या जाणाऱ्या या गावातील मुलांना तीस वर्षे गणित शिकविले आणि २०१३ साली निवृत्त झालो. वडिलांचा तो प्रश्न पुन्हा आठवायला वयाची पासष्टी ओलांडावी लागली, आणि तो आठवेपर्यंत एका दुसऱ्याच माणसाचे नुकसान होऊन गेले होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. शाळा बंद, देऊळ बंद, बाजार बंद. नागपूरला राहणाऱ्या आमच्या पुतण्याने फोनवरून आमचे डीमॅट खाते उघडून दिले. "काका, वेळ जाईल तुमचा," असे तो म्हणाला. वेळ घालवू पाहणारे आम्ही एकटेच नव्हतो. त्या मार्चमध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली. त्या लाटेतला एक थेंब आम्ही होतो, इतकेच.

वाचकांपैकी ज्यांना या व्यवहाराची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. शेअर घेऊन वर्षानुवर्षे ठेवणे हा एक प्रकार. सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यावर घ्यायचे आणि दुपारी साडेतीनला बंद होण्यापूर्वी विकून मोकळे व्हायचे, हा दुसरा. या दुसऱ्याला इंट्राडे म्हणतात. येथे सगळी रक्कम जवळ असावी लागत नाही. वीस हजार खात्यात असले, तर अनेक शेअरांत लाख रुपयांपर्यंतचा सौदा करता येतो. नफा लाखावर मिळतो, हे सर्वजण सांगतात. तोटाही लाखावरच होतो आणि तो वीस हजारांतून जातो, हे सांगणारा सहसा भेटत नाही.

पुतण्याने आम्हांला टेलिग्रामवरील एका गटात घातले. यवतमाळ, वर्धा, नागपूरकडील शे-दीडशे मंडळी त्यात होती. कोणी शिक्षक, कोणी कृषी सेवा केंद्राचा मालक, कोणी बँकेतला कारकून, तर कोणी नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला पदवीधर. सकाळी आठला नमस्कार-चमत्कार होत. नऊ वाजता कोणता शेअर आज धावेल, याचे अंदाज येत. सव्वानऊनंतर तर संदेशांचा नुसता पाऊस पडे. सपोर्ट, रेझिस्टन्स, टार्गेट, स्टॉप लॉस हे शब्द आम्ही महिन्याभरात असे बोलू लागलो, जणू आमच्या आजोबांपासून ते घरात चालत आले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तो गट आम्हांला आवडत होता. टाळेबंदीत दाराबाहेर पडता येत नव्हते, पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली होती, मुलगा पुण्याला. सकाळी उठण्याला काही कारण मिळाले. आमचे गणित बरे, म्हणून टक्केवारीचे हिशेब आम्ही झटपट करून टाकीत असू. हळूहळू सगळे आम्हांला 'सर' म्हणू लागले. निवृत्त मास्तराला पुन्हा वर्ग मिळाला, पुन्हा मान मिळाला. या मानाची नशा पैशाच्या नशेहून कमी नसते, हे आम्हांला तेव्हा कळले नाही. पहिल्या आठवड्यात चौदाशे रुपये सुटले. आम्ही त्याचे चित्र गटात टाकले, आणि साठ जणांनी अंगठे दाखवून अभिनंदन केले. पुढच्या आठवड्यात एकवीसशे गेले. त्याचे चित्र आम्ही टाकले नाही. कोणीच टाकीत नसे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे कळंबला मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. कष्टाळू, भिडस्त, शाळेत असताना शेवटच्या बाकावर बसून पहिल्या पाचांत येणारा. तोही गटात होता. मात्र कधी काही लिहीत नसे, नुसता वाची. २०२१ च्या उन्हाळ्यातील एका सकाळी आम्ही एका शेअरविषयी गटात लिहिले : "घ्यायला हरकत दिसत नाही." शब्द मोजकेच होते, पण ते 'सरांचे' होते. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. "सर, तुमी घेऊन राह्यले काय?" आम्ही म्हणालो, "हो, घेतले." ते खोटे नव्हते. आम्ही वीस शेअर घेतले होते.

त्याने किती घेतले, हे आम्ही विचारले नाही.

त्याच्या खात्यात चाळीस हजार रुपये होते. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी साठविलेले. त्यांवर त्याने दोन लाखांचा सौदा केला. अकरापर्यंत शेअर किंचित वर होता. साडेअकराच्या सुमारास त्याची चाल आम्हांला बरी वाटेना, म्हणून आम्ही आमचे वीस शेअर विकले. साठ-सत्तर रुपये सुटले. त्याच वेळी दारात दूधवाला आला, त्याचा हिशेब झाला, मग जेवण झाले, आणि जेवल्यावर आम्ही जरा आडवे झालो. आपण विकले, हे गटात लिहायचे राहून गेले. साडेतीनला पाहिले, तो शेअर आठ टक्क्यांनी कोसळलेला. आम्ही मनात म्हणालो, बरे झाले सुटलो.

त्याचे सोळा हजार गेले होते. दुसऱ्या दिवशी ते भरून काढण्यासाठी त्याने कोणा दुसऱ्याच्या सल्ल्याने आणखी एक सौदा केला आणि त्यात चौदा हजार गेले. चाळिसाचे दहा उरले, आणि खर्च वजा जाता दहाही नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. त्याने तक्रार केली नाही. आवाजही चढविला नाही. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि विचारले, "सर, तुमी केव्हा विकला?"

आम्ही म्हणालो, "साडेअकराला."

"हाव का," एवढेच तो म्हणाला. थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी आम्हांला अनेकदा बोल लावले. पण त्या दोन शब्दांनी जी झोप उडाली, ती पूर्वी कधी उडाली नव्हती. आम्ही त्याला फसविले होते काय? नाही. आम्ही त्याच्याकडून काही घेतले होते काय? पैही नाही. आम्ही जे लिहिले, ते आमच्या बुद्धीप्रमाणे खरे मानूनच लिहिले होते. तरीही त्याचे तीस हजार गेले आणि आमचे सत्तर रुपये आले, ही वस्तुस्थिती कोणत्याही युक्तिवादाने पुसली जात नव्हती. त्या रात्री शेकोटीजवळचे वडील आठवले. आमची गाडी होती खरी. पण तिच्यात वीस शेअरांचा कापूस होता, आणि ती आम्ही कोणाला न सांगता मध्येच उलटवून घरी गेलो होतो.

मग आम्ही मास्तरांचे हत्यार हाती घेतले, म्हणजे वही. या आपापसांतील सल्ल्याची खरी किंमत काय, याचा हिशेब मांडायचे ठरविले.

पहिला हिशेब खर्चाचा. वीस हजारांच्या बळावर लाखाचा सौदा करणारा माणूस घेऊ. घेताना आणि विकताना ब्रोकरची दलाली वीस-वीस रुपये धरू. विक्रीवर शेकडा अडीच पैसे या दराने व्यवहार कर, म्हणजे पंचवीस रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क तीन रुपये. शेअर बाजाराचे शुल्क आणि दलालीवरचा जीएसटी मिळून आणखी बारा-चौदा रुपये. म्हणजे ज्या भावाने घेतले त्याच भावाने विकले, तरी खिशातून ऐंशी रुपये जातात. वर्षात बाजाराचे दिवस सुमारे अडीचशे. रोज एकच सौदा केला, तरी अडीचशे गुणिले ऐंशी म्हणजे वीस हजार. म्हणजे मूळ भांडवल! सल्ले अगदी निम्मे खरे, निम्मे खोटे निघाले आणि नफा-तोटा फिटला, तरी वर्षाअखेर खाते रिकामे. गटात रोज शंभर सल्ले येत. पण हा हिशेब कोणी मांडलेला आम्ही पाहिला नव्हता. गणिताच्या मास्तरानेही तो मांडला नव्हता, ही आमच्या लाजेची गोष्ट.

दुसरा हिशेब लोकांचा. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने, जुलै २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२२-२३ या वर्षात इंट्राडे करणाऱ्या व्यक्तींपैकी दहांत सात जण तोट्यात होते. तिशीच्या आतील तरुणांत हे प्रमाण शंभरात शहात्तर होते. वर्षात पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत ते शंभरात ऐंशी होते. म्हणजे सरावाने हात बसत नव्हता, उलट अधिक पोळत होता. फ्यूचर्स आणि ऑप्शन्स या त्याहून जोखमीच्या व्यवहारांविषयी सप्टेंबर २०२४ च्या पाहणीत तीन वर्षांचा हिशेब आला : शंभरात त्र्याण्णव जण तोट्यात, आणि सर्वांचा मिळून तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक. हे लोक मुंबईचेच होते असे नव्हे. त्यांच्यातील बहात्तर टक्क्यांहून अधिक देशातील पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे होते, म्हणजे कळंबसारख्या गावांचेही.

आता कोणी म्हणेल, सगळे जर बुडत आहेत, तर गटात रोज नफ्याची चित्रे कशी दिसत होती? तिसरा हिशेब त्याचाच. समजा, एका मनुष्याने १,०२४ लोकांना संदेश धाडला. निम्म्यांना लिहिले, उद्या बाजार चढेल, निम्म्यांना लिहिले, उतरेल. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या बाबतीत खरे ठरले, त्या ५१२ जणांचे पुन्हा दोन भाग केले. असे पाच दिवस केले, की सहाव्या दिवशी बत्तीस माणसे अशी उरतात, ज्यांना पाचही दिवस अचूक भविष्य मिळाले. ती त्याला देवमाणूस मानतील आणि मागेल ते शुल्क देतील. आमच्या गटात असा भामटा नव्हता. पण भामटा नसतानाही हेच घडत होते. दीडशे माणसांनी दीडशे अंदाज करावेत, ज्यांचा खरा ठरला त्यांनी बोलावे, ज्यांचा चुकला त्यांनी गप्प बसावे. वाचणाऱ्याला वाटते, येथे सारेच जिंकत आहेत, मीच एक नतद्रष्ट. मग तो आपले दुःख लपवितो आणि त्या खोट्या चित्रात स्वतःची भर घालतो.

या एकमेकांच्या संगतीचा अभ्यासही झाला आहे. परदेशी चलनाचे सौदे करणाऱ्या किरकोळ व्यापाऱ्यांवर रॉली हायमर या अमेरिकन अभ्यासकाने केलेले संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. थोडा नफा दिसला की घाईने विकायचे आणि तोट्यातला सौदा मात्र 'येईल वर' म्हणत उराशी धरून बसायचे, ही माणसाची जुनी खोड. इतर व्यापाऱ्यांशी संवादाची सोय मिळताच ही खोड जवळजवळ दुप्पट वाढली, असे त्याला आढळले. आम्हांला त्याचे आश्चर्य वाटले नाही. नफा चारचौघांत मिरवता येतो, तोटा झाकावासा वाटतो. आणि जोवर विकले नाही तोवर तोटा झाला असे कबूल करावे लागत नाही.

सल्ला विकणाऱ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा, तर सेबीकडे नोंदणी लागते. २०१३ चे नियम तसे आहेत. समाजमाध्यमांवर नावाजलेल्या अशा एका नोंदणी नसलेल्या सल्लागाराविषयी सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. शिकवणी आणि सल्ल्यापोटी त्याने सतरा कोटींहून अधिक रुपये गोळा केल्याचे त्यात नमूद होते. आणि त्याच सुमाराच्या अडीच वर्षांत त्याला स्वतःला शेअरांच्या सौद्यांत जवळजवळ तीन कोटींचा तोटा झाल्याचेही! म्हणजे गाडी होती, पण ती त्याने स्वतःच खड्ड्यात घातलेली होती. आणखी एक प्रकरण त्याच वर्षी मार्चमधले. यूट्यूबवरील भुलविणाऱ्या चित्रफितींमुळे लोक एका कंपनीचे शेअर घेत सुटले होते, तेव्हा ज्यांनी ते आधीच घेऊन ठेवले होते ते विकून मोकळे होत होते, असे सेबीच्या आदेशाचे म्हणणे होते. हे वाचताना आम्ही त्यांना नावे ठेवू लागलो आणि मध्येच थबकलो. साडेअकराला आम्ही काय केले होते? त्यांचा हेतू वाईट होता, आमचा नव्हता. हा फरक मोठा आहे. पण आमच्या विद्यार्थ्याच्या खात्यात तो फरक कोठेही जमा झालेला नव्हता.

हे सारे मोबाइलमुळे बिघडले, असेही समजण्याचे कारण नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशाच्या पुराने मुंबईत शेअरांचे वेड पसरले. प्रेमचंद रायचंद काय घेतात, याकडे सारी मुंबई कान देऊन असे. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि तो डोलारा कोसळला. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांना विकावा लागला. तेव्हा तार होती, टेलिग्राम नव्हते. पुढे याच कापसाच्या भावाने मटका जन्माला घातला. न्यूयॉर्कहून येणारे कापसाचे खुलते आणि बंद भाव, हाच मुळात पैज लावण्याचा आकडा होता. पांढरे सोने पिकविणाऱ्या आमच्या मुलखाला आकड्याचे हे वेड नवे नाही. माणूस माणसाला कानात सांगतो आणि ऐकणारा सांगणाऱ्याची गाडी पाहत नाही, हीच त्यातली जुनी गोष्ट.

मग अशा आपापसांतल्या सल्ल्याला काहीच किंमत नाही काय? आम्हांला तसे म्हणवत नाही, आणि त्याला कारण घडले आहे.

आमच्या गटात वर्ध्याकडचे एक निवृत्त एस. टी. वाहक होते. ते कोणता शेअर घ्यावा, हे कधीच सांगत नसत. दर शुक्रवारी संध्याकाळी ते फक्त आपली वही लिहीत : या आठवड्यात इतके सौदे, इतके बरोबर, इतके चूक, खर्च इतका, निव्वळ इतके गेले. सुरुवातीला लोक त्यांची थट्टा करीत. "काहून दुखणे काढता काका रोज रोज?" असे कोणी लिही. ते उत्तर देत नसत. तिकिटांचा हिशेब जुळविण्यात आयुष्य गेलेला माणूस. पैसा कोठे गेला, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वर्षाच्या शेवटी त्यांनी बेरीज मांडली. एक लाख बारा हजार गेले होते, त्यांतले बावन्न हजार निव्वळ खर्चात. खाली एक ओळ होती : "मी थांबतो आहे. कोणाला वही कशी ठेवावी हे विचारायचे असेल तर फोन करा."

त्या संदेशाला साठ अंगठे मिळाले नाहीत. पण त्या रात्री आम्ही त्यांना फोन केला. नंतर कळले, आणखीही काही जणांनी केला होता. नोकरीच्या प्रतीक्षेतला एक तरुण तर रडला होता. घरी आईला न सांगता त्याने तिच्या बांगड्या गहाण टाकल्या होत्या. त्या वाहकांनी त्याला शेअर सुचविला नाही, ते म्हणाले, "आधी घरी सांग. मी फोनवर थांबतो." तो उठला, आईला सांगून आला आणि मग पुन्हा फोनवर बोलला. दीडशे माणसांच्या त्या गटात दोन वर्षांत जे हजारो सल्ले दिले गेले, त्यांत या सल्ल्याच्या तोडीचा दुसरा आम्हांला सापडला नाही.

तेव्हा आमच्या वहीतला निष्कर्ष असा. 'हा घे, तो विक' हा सल्ला जो फुकट देतो, त्याला चुकल्याचे काही मोजावे लागत नाही. म्हणून त्या सल्ल्याला किंमत नाही, आणि त्याची किंमत मात्र ऐकणारा मोजतो. सल्ला बहुतेकांपर्यंत पोहोचेतो भाव हललेला असतो, आणि विकण्याचा सल्ला तर बहुधा येतच नाही. उलट जो आपली पुरी वही उघडून दाखवितो, खर्च किती होतो हे सांगतो, तोट्याची मर्यादा आखून तिथे थांबायला शिकवितो आणि प्रसंगी 'आता पुरे' म्हणतो, त्याचे बोलणे मोलाचे. कारण ते सांगण्यात त्याचा मान जातो. मान घालवून दिलेला सल्ला आणि मान मिळविण्यासाठी दिलेला सल्ला, यांतला फरक आम्ही फार महाग शिकलो. आणि त्या शिकवणीची फी दुसऱ्याने भरली.

ती फी परत करण्याचा प्रयत्न आम्ही केला. घटनेनंतर आठवड्याने आम्ही त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. पाकिटात तीस हजार नेले होते. तो घेईना. "सौदा माह्या हातानं केला सर," असे म्हणाला. त्याची पत्नी आतून बाहेर आली. या गृहिणीला आम्ही सून म्हणूनच पाहिलेले. तिने आमच्यासमोर स्टूल ठेवले आणि सरळ विचारले, "सर, तुमाले आपल्या पोराले असं सांगता आलं असतं काय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही खरे ते सांगितले : पोराला सांगितले असते, तर किती घेतोस हे आधी विचारले असते, आणि विकताना पहिला फोन त्याला केला असता. ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पंधरा ठेवा. पंधरा आमचे." तशी वाटणी झाली. तिचा न्याय आमच्या गणितापेक्षा चोख होता, असे आम्हांला आजही वाटते.

मुलीचा प्रवेश त्या वर्षी लांबला, पुढच्या वर्षी झाला. एक वर्ष गेले ते गेलेच. पंधरा हजारांनी ते परत आले नाही.

आम्ही गट सोडला नाही. सुटून जाणे सोपे होते, पण साडेअकराला एकदा सुटून गेलो होतो, तेवढे पुरे. गटात आम्ही झाला प्रकार पुरता लिहिला : आपण केव्हा घेतले, किती घेतले, केव्हा विकले आणि कोणाला सांगितले नाही. लिहिताना बोटे जड झाली. काहींनी गट सोडला, काहींनी 'सर, मनाला लावून घेऊ नका' असे समजाविले. त्यानंतर आम्ही दर शुक्रवारी आपली वही लिहू लागलो. पुढे त्या वहीत लिहिण्यासारखे काही उरले नाही, कारण सौदेच थांबले. निवृत्तिवेतनातले थोडे दरमहा म्युच्युअल फंडात जाते, एवढाच आता आमचा बाजाराशी संबंध. आणि त्याविषयीही आम्ही कोणाला काही सुचवीत नाही.

अलीकडे रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या अंगणातही तरुण मंडळी मोबाइल काढून शेअरांविषयी बोलताना दिसतात. एखादा ओळखीचा जवळ येऊन विचारतो, "सर, तुमचा अनुभव आहे, काही सांगा ना." त्याला उपदेश करण्याचा मोह होतो, तो आवरतो. आम्ही एवढेच म्हणतो, "वर्षभराचा हिशेब घेऊन संध्याकाळी घरी ये. मीही माझी वही काढून ठेवतो." बहुतेक जण येत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली, त्यानंतरच्या एका संध्याकाळी मात्र एक जण खरोखरच आला. वर्ध्याला नोकरी करणारा तरुण, हातात छापून आणलेली आठ पाने, चेहरा उतरलेला. आम्ही दोघे रात्री दहापर्यंत बसून बेरजा करीत होतो. शेवटची बेरीज त्याने स्वतः केली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, हा आकडा मी आज पयल्यांदा पाह्यला."

आम्ही त्याला चहा दिला. सल्ला दिला नाही.